कोणत्या तापमानाला? रासायनिक मापनाच्या अचूकतेचा एक आढावा

गावच्या दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर दुधात सोडला जातो, तेव्हा तो खरं तर दुधाची घनता सांगतो. २८ डिग्री लागली याचा अर्थ घनता १.०२८. ही डिग्री आणि फॅट सूत्रात घालून एसएनएफ, म्हणजे स्निग्धेतर घनपदार्थ, काढतात आणि भाव त्यावर ठरतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो, त्याखाली गेलं की कपात सुरू होते. भारतीय मानकाचा लॅक्टोमीटर २७ अंश सेल्सिअसला बेतलेला असतो. दूध त्याहून गरम असेल तर दर अंशामागे साधारण ०.२ डिग्री कमी दिसते. धारा काढून लगेच आणलेलं दूध ३२ अंशांवर असेल, तर पूर्ण एक डिग्री हरवते. सूत्रात डिग्रीला चाराने भागतात, म्हणजे एसएनएफमध्ये पाव टक्का घट. ८.५ चं दूध ८.२५ चं ठरतं आणि शेतकऱ्याने पाणी घातल्याचा संशय विनाकारण येतो. उलट, बर्फाजवळ ठेवलेल्या गार दुधात थोडं पाणी असलं तरी ते लपून जातं.

यात आणखी एक गुंता आहे. दूध काढल्यानंतर काही तास त्याची घनता हळूहळू वाढत राहते, कारण त्यातली हवा निघून जाते आणि स्निग्धांश गोठत जातो. रेकनागेल परिणाम म्हणून तो दुग्धशास्त्रात ओळखला जातो. म्हणजे दूध थंड करून बरोबर २७ अंशांवर आणलं, तरी ‘आत्ताच काढलेलं’ आणि ‘तीन तासांपूर्वी काढलेलं’ यांत थोडा फरक राहतोच. तापमान हा फक्त आजचा आकडा नसतो, त्या पदार्थाने कोणत्या तापमानात किती वेळ काढला याचाही हिशोब लागतो.

विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात अचूकतेची चर्चा निघाली की बोलणं बहुधा उपकरणाच्या किमतीवर, रसायनांच्या शुद्धतेवर आणि विश्लेषकाच्या हातावर येतं. तापमान कोपऱ्यातल्या नोंदवहीत राहतं. माझ्या मते क्रम उलटा हवा. प्रयोगशाळेत घडणाऱ्या बहुतेक पद्धतशीर चुकांमध्ये तापमानाचा हात असतो आणि त्या चुका कितीही वेळा मोजणी केली तरी सरासरीत पुसल्या जात नाहीत, कारण त्या सगळ्या एकाच बाजूला झुकतात.

सर्वांत साधी बाब आकारमानाची. पाण्याची घनता २० अंशांना ०.९९८२ आणि ३५ अंशांना ०.९९४० असते. २० अंशांवर बनवलेलं एक लिटर प्रमाणित द्रावण ३५ अंशांवर गेलं की सुमारे ४.२ मिलिलिटरने फुगतं, म्हणजे त्याची संहती ०.४२ टक्क्यांनी उतरते. आता ‘अ’ वर्गाच्या एक लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कला चूक किती माफ असते? ०.४ मिलिलिटर. आपण दहापट चूक ऋतूला बहाल करतो आणि मग ‘अ’ वर्गाच्या काचेसाठी जास्त पैसे मोजतो. काच स्वतःही प्रसरण पावते, पण बोरोसिलिकेट काचेच्या त्याच फ्लास्कमध्ये १५ अंशांना फक्त ०.१५ मिलिलिटरचा फरक पडतो. काचेची काळजी त्यामुळे दुय्यम आहे, द्रवाची खरी.

युराकेम आणि सायटॅक या संस्थांच्या मापन-अनिश्चिततेवरच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेत पहिलंच उदाहरण कॅडमियमचं प्रमाणित द्रावण बनवण्याचं आहे. १०० मिलिलिटरचा फ्लास्क, खोलीचं तापमान चार अंश इकडेतिकडे. हिशोब केल्यावर फ्लास्कच्या निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेमुळे येणारी प्रमाण अनिश्चितता ०.०४ मिलिलिटर निघते आणि तापमानामुळे येणारी ०.०५. हे वातानुकूलित युरोपीय प्रयोगशाळेतलं चित्र. चंद्रपूरच्या किंवा जळगावच्या मे महिन्यात पंख्याखाली चालणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हे प्रमाण काय होईल, याचा अंदाज वाचकाने करावा.

कार्बनी विद्रावकांमध्ये प्रकरण कित्येक पट गंभीर होतं. पाणी दर अंशाला २० अंशांच्या आसपास ०.०२ टक्के फुगतं. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ०.११ टक्के, मिथेनॉल ०.१२ टक्के, ॲसिटोन ०.१४ टक्के. औषध उद्योगात अनेक अल्कधर्मी औषधांची शुद्धता ॲसिटिक ॲसिडमधल्या परक्लोरिक ॲसिडने टायट्रेशन करून ठरवतात. समजा हे द्रावण सकाळी २५ अंशांना प्रमाणित केलं आणि दुपारी यंत्रणा बंद पडल्यावर ३३ अंशांना वापरलं. आठ अंशांत ०.८८ टक्के चूक. द्रावण पातळ झालेलं असल्यामुळे ब्युरेटमधून जास्त खर्च होतं, आणि ९८.६ टक्के शुद्ध औषध ९९.५ टक्के दिसतं. ९९ ते १०१ अशी मर्यादा असलेल्या औषधाच्या बाबतीत नापास व्हायला हवा तो घाणा पास होतो. म्हणूनच औषधकोश सांगतात की प्रमाणीकरणाचं आणि चाचणीचं तापमान यांतला फरक घेऊन त्याला ०.००११ ने गुणा आणि आकारमान दुरुस्त करा. सूत्र एका ओळीचं आहे, पण त्यासाठी दोन्ही वेळचं तापमान लिहिलेलं असावं लागतं. खोलीचं चालणार नाही, ब्युरेटमधल्या द्रावणाचं हवं.

इथे ‘मानक तापमान कोणतं’ हा प्रश्न येतो. १९३१ साली आंतरराष्ट्रीय वजन-माप समितीने लांबीच्या मापनासाठी २० अंश सेल्सिअस ठरवलं आणि काचेच्या मोजपात्रांवरही जगभर तोच आकडा आला. युरोपातल्या कारखान्याला आणि प्रयोगशाळेला तो सोयीचा होता. भारतासारख्या उष्ण देशांसाठी मोजपात्रांच्या मानकात २७ अंशांची मुभा ठेवली गेली आणि भारतीय मानकांनी २७ अंश स्वीकारलं. काही जण याला तडजोड समजतात, मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो. २७ अंशांची खोली राखायला वीज कमी लागते, यंत्रणा बंद पडली तरी तापमान चटकन भरकटत नाही आणि मोजणारा माणूस, द्रावण, काच हे सगळे एकाच तापमानाला राहू शकतात. धोका आहे तो दोन आकड्यांच्या सरमिसळीचा. फ्लास्क तपासताना त्यात मावणारं पाणी वजन करतात. हवेत केलेलं हे वजन एका लिटरला २० अंशांवर सुमारे ९९७.२ ग्रॅम आणि २७ अंशांवर सुमारे ९९५.५ ग्रॅम भरतं. कोष्टकातली चुकीची ओळ वाचली की १.७ ग्रॅमची चूक झालीच.

फ्रीजमधून प्रमाणित द्रावण काढून लगेच पिपेटने उचलण्याची सवयही याच खात्यातली. ४ अंशांवरचं पाणी २७ अंशांच्या पाण्यापेक्षा ०.३५ टक्के दाट असतं. मायक्रोपिपेटमध्ये तर द्रव आणि दट्ट्या यांच्यामध्ये हवेचा स्तंभ असतो. थंड द्रवाच्या संपर्काने ती हवा आकसते आणि ठरल्यापेक्षा जास्त द्रव आत येतो. या सगळ्यावर जुना आणि भक्कम उपाय म्हणजे द्रावणं आकारमानाने न बनवता वजनाने बनवणं. वस्तुमानाला तापमान शिवत नाही. आज ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारे तराजू सर्वत्र आहेत, तरी आपण फ्लास्कच्या रेषेला का चिकटून राहतो, याचं उत्तर मला सवयीपलीकडे सापडत नाही.

वस्तुमानाला तापमान शिवत नसलं तरी तराजूला शिवतं. १०५ अंशांच्या ओव्हनमधली मूस पुरती निवायच्या आत पारड्यात ठेवली तर तिच्याभोवतीची हवा तापून वर चढते, मुशीला वर ढकलते आणि वजन कमी भरतं. पुढच्या पाच-दहा मिनिटांत आकडा चढत राहतो, तेव्हा पुष्कळ विद्यार्थी ‘नमुना ओलावा घेतोय’ असं लिहून टाकतात. दोन्ही कारणं शक्य असतात. डेसिकेटरमध्ये पुरेसा वेळ थांबणं एवढाच त्यातला मार्ग.

सामूच्या, म्हणजे पीएचच्या मापनात गैरसमज सर्वांत खोल आहे. काचेच्या इलेक्ट्रोडचं विभवांतर नर्न्स्टच्या समीकरणाने ठरतं. सामू एकाने बदलला की २५ अंशांना ५९.१६ मिलिव्होल्ट, २० ला ५८.१७, ३५ ला ६१.१४. मीटरवरचं ‘स्वयंचलित तापमान दुरुस्ती’ हे बटण हा उतार सुधारतं. सामू ७ च्या आसपास या उताराची चूक जवळजवळ शून्य असते आणि तिथून दूर जाल तशी वाढते. सामू ४ वर दहा अंशांची चूक साधारण ०.१ ची पडते. इथपर्यंत मीटर मदत करतं. पण ते बटण दाबलं की वाचन ‘२५ अंशांचं’ होतं असं मानणारे किती तरी लोक मी पाहिले आहेत, चांगल्या प्रयोगशाळांतही. मीटर सांगतं तो त्या क्षणीच्या तापमानाला असलेला सामू. नमुन्यातलं रसायन तापमानाने बदललं असेल तर त्याची मीटरला काहीच कल्पना नसते.

आणि रसायन बदलतंच. शुद्ध पाण्याचा सामू २५ अंशांना ७ असतो, शून्याला ७.४७ आणि ५० अंशांना ६.६३. तिन्ही ठिकाणी पाणी सारखंच उदासीन आहे; बदललं आहे ते पाण्याचं आयनीभवन. बॉयलरच्या गरम पाण्याचा सामू ६.७ आला म्हणून अल्कली ओतणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवं. जीवरसायनशास्त्रात सर्रास वापरलं जाणारं ट्रिस बफर दर अंशाला ०.०२८ ने सरकतं. खोलीत ८.० ला जुळवून ४ अंशांच्या शीतकक्षात नेलं की ते ८.६ च्या जवळ जातं, आणि ज्या विकराचा अभ्यास चालू आहे त्याला भलत्याच परिस्थितीत काम करावं लागतं. प्रमाणित बफरसुद्धा स्थिर नाहीत. बोरॅक्सचं ९.१८ चं बफर २५ अंशांपुरतं ९.१८ आहे, ३५ ला ते ९.१० असतं. बाटलीवर छापलेल्या कोष्टकाकडे न बघता ९.१८ टाकून मीटर जुळवलं की त्यानंतरचं प्रत्येक वाचन बिघडतं.

याच प्रश्नाचं रूप शस्त्रक्रियागृहात फार वेगळं होतं. हृदयाच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाचं शरीर मुद्दाम थंड करतात. रक्ताचा नमुना मात्र यंत्रात ३७ अंशांवर तपासला जातो. रक्ताचा सामू दर अंश थंडीला सुमारे ०.०१५ ने वाढतो, म्हणजे यंत्रावर ७.४० दिसणारा सामू ३० अंशांच्या शरीरात ७.५० असतो. मग डॉक्टरांनी कोणता आकडा सांभाळायचा? ३७ अंशांचा, की रुग्णाच्या प्रत्यक्ष तापमानाचा? अल्फा-स्टॅट आणि पीएच-स्टॅट अशा दोन पद्धती त्यातून उभ्या राहिल्या आणि कोणत्या रुग्णाला कोणती योग्य, हा वाद कित्येक दशकं चालला. यंत्र दोन्हीकडे अचूकच होतं. प्रश्न होता तो आपल्याला नेमकं काय मोजायचं आहे, हा.

वाहकतेच्या बाबतीत दुरुस्तीवरचा विश्वास एका मोठ्या संस्थेने अधिकृतपणे काढून घेतला आहे. विहिरीच्या वा नदीच्या पाण्याची वाहकता दर अंशाला सुमारे दोन टक्के वाढते, म्हणून ती २५ अंशांना आणून सांगतात, आणि तिथे हे चालून जातं. पण औषधांसाठी लागणाऱ्या शुद्ध पाण्याच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत अमेरिकी औषधकोश तापमान-दुरुस्ती बंद ठेवायला सांगतो. वाहकता आहे तशी वाचा, तापमान वाचा आणि कोष्टक पाहा: २० अंशांना १.१ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर, २५ ला १.३, ३० ला १.४. कारण उघड आहे. इतक्या शुद्ध पाण्यात स्वतः पाण्याच्या आयनांचा वाटा मोठा असतो, त्याचा तापमान-गुणांक क्षारांपेक्षा बराच जास्त असतो आणि कोणता आयन किती आहे हे यंत्राला ठाऊक नसतं. न दुरुस्त केलेला आकडा आणि सोबत तापमान, ही जोडी दुरुस्त केलेल्या एका आकड्यापेक्षा प्रामाणिक ठरली.

जिथे मापन अभिक्रियेच्या वेगावर उभं असतं तिथे तापमान थेट निकालात शिरतं. रक्तातल्या यकृत-विकरांच्या चाचण्या पूर्वी कुठे २५, कुठे ३०, कुठे ३७ अंशांना होत. एका गावचा अहवाल दुसऱ्या गावच्या डॉक्टरला निरुपयोगी असे. २००२ साली क्लिनिकल केमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ३७ अंशांच्या संदर्भपद्धती प्रसिद्ध केल्या, तेव्हा एक समान पाया मिळाला. विकरांचा वेग दहा अंशांना साधारण दुप्पट होतो असं धरलं तर एक अंश म्हणजे सात टक्के. क्युव्हेट धारकाचं तापमान म्हणूनच स्वतंत्रपणे तपासावं लागतं.

नद्यांच्या प्रदूषणाचा सर्वांत परिचित आकडा, बीओडी, हाही वेगाचाच आकडा आहे. सांडपाणी कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते यात पाहतात. ब्रिटनच्या सांडपाण्यावरील रॉयल कमिशनने १९१२ च्या अहवालात पाच दिवस आणि ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १८.३ सेल्सिअस, असा दंडक घातला. पुढे तो पाच दिवस, २० अंश असा स्थिरावला. भारतात आता तीन दिवस, २७ अंश अशी पद्धत आहे आणि नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी ३० मिलिग्रॅम प्रति लिटर ही सर्वसाधारण मर्यादा त्याच पद्धतीने मोजतात. दोन्ही पद्धती समतुल्य मानल्या जातात. हिशोब करून पाहू. वेग दर अंशाला १.०४७ पटीने वाढतो हा प्रचलित गुणक घेतला तर सात अंशांत तो १.३८ पट होतो, म्हणजे २७ अंशांचे तीन दिवस २० अंशांच्या जेमतेम चार दिवसांएवढे. नेहमीच्या घरगुती सांडपाण्याला भारतीय पद्धतीचा आकडा त्यामुळे सुमारे दहा टक्के कमी येऊ शकतो. गुणक पाण्यागणिक बदलतो, त्यामुळे हे अंतर कुठे मिटेल, कुठे वाढेल. पद्धत बदलण्यात काही वावगं नाही, उष्ण देशात ती सोयीचीच आहे. पण पंचगंगेच्या किंवा मुळा-मुठेच्या जुन्या पाच दिवसांच्या नोंदी आणि नंतरच्या तीन दिवसांच्या नोंदी एकाच आलेखावर जोडताना हा फरक सांगितलाच पाहिजे.

मुळात पाण्यात ऑक्सिजन मावतो किती हेही तापमानच ठरवतं: शून्याला १४.६ मिलिग्रॅम प्रति लिटर, २० ला ९.१, ३० ला ७.६. मे महिन्यातल्या दुपारी नदीत ७ मिलिग्रॅम आढळले तर ती नदी जवळजवळ संपृक्त आहे. जानेवारीच्या पहाटे तोच आकडा काळजीचा असू शकतो.

शेतापर्यंत पोचलेलं रसायनशास्त्राचं आणखी एक साधन म्हणजे हातातला रिफ्रॅक्टोमीटर. ऊस पक्व झाला का, द्राक्षं तोडणीला आली का, हे त्यावरच्या ब्रिक्सवरून ठरवतात. ब्रिक्सची व्याख्या २० अंशांसाठी केलेली आहे. २० ब्रिक्सचा रस ३० अंशांना सुमारे ०.८ ने कमी दिसतो आणि निफाडच्या थंडीत १२ अंशांना साधारण अर्ध्याने जास्त. एकाच घडाची गोडी पहाटे आणि दुपारी एका ब्रिक्सहून अधिक फरकाने वाचली जाऊ शकते. रसाचा एक थेंब लगेच प्रिझमचं तापमान घेतो, त्यामुळे इथे रसापेक्षा साधन उन्हात होतं की सावलीत, हे महत्त्वाचं. स्वयंचलित दुरुस्तीच्या साधनांतली ती सोय बहुधा १० ते ३० अंशांपुरतीच असते, आणि आपली दुपार अनेकदा त्यापलीकडे असते. साखर कारखान्यांत ब्रिक्सचे हायड्रोमीटर २७.५ अंशांचे असत. २० च्या रिफ्रॅक्टोमीटरशी त्यांचा आकडा थेट ताडून पाहणाऱ्याला गोंधळ ठरलेला.

क्रोमॅटोग्राफीविषयी थोडक्यात. द्रव क्रोमॅटोग्राफीत स्तंभ एक अंशाने तापला की घटक एक-दोन टक्के लवकर बाहेर येतात. स्तंभाला ओव्हन बसवल्यावर हा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला आहे. विसरलं जातं ते बाहेर उभ्या असलेल्या विद्रावकाच्या बाटलीचं तापमान. ज्वालेचं उदाहरण मात्र सुंदर आहे. २,५०० केल्विनच्या ज्वालेत सोडियमचे दहा हजारांतले दोनपेक्षा कमी अणू उत्तेजित असतात. ज्वाला दहा अंशांनी वाढली तर ही संख्या चार टक्क्यांनी वाढते, आणि उत्सर्जित प्रकाशही तेवढाच. न उत्तेजित झालेल्या अणूंची संख्या त्याच वेळी व्यवहारात तशीच राहते. ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये पुढे आणलेल्या अणु-शोषण पद्धतीत हे न उत्तेजित झालेले अणू मोजतात, म्हणून ज्वालेच्या लहरीपणाचा तिला तितकासा त्रास नाही. तापमान काबूत आणण्याऐवजी त्याला कमी बळी पडणारी राशीच निवडणं, हा सर्वांत देखणा उपाय.

याच्याही पुढचं पाऊल दूध तपासणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रांनी टाकलं. तापमान वाढलं की पाण्यात ध्वनीचा वेग वाढतो आणि स्निग्धांशात घटतो. एकाच नमुन्यात दोन तापमानांना वेग मोजला की या विरुद्ध वागण्यावरूनच फॅट आणि एसएनएफ वेगळे काढता येतात. बाकीच्यांना अडचण वाटणारी गोष्ट इथे मापनाचा आधार झाली.

प्रयोगशाळांच्या मान्यतेसाठीचं आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक पर्यावरणीय स्थितीवर लक्ष ठेवायला आणि तिची नोंद करायला सांगतं, आणि आपल्याकडे एनएबीएलची मान्यता घेणाऱ्या प्रयोगशाळा ते पाळतात. भिंतीवर तापमापक असतो, दिवसातून दोनदा सह्यांसकट नोंद होते. भिंतीचं तापमान आणि एसीच्या झोताखाली ठेवलेल्या फ्लास्कमधल्या द्रावणाचं तापमान यांत तीन-चार अंशांचा फरक सहज असतो. ब्युरेटच्या वाचनाशेजारी द्रावणाच्या तापमानाचा एक रकाना वाढवणं हे माझ्या मते कोणत्याही नव्या उपकरणापेक्षा स्वस्त आणि फलदायी आहे. ज्यांच्याकडे वातानुकूलन नाही त्यांनीही निराश व्हायचं कारण नाही. प्रमाणीकरण आणि चाचणी एकाच टेबलावर, एकाच तासात, एकाच तापमानाला केली तर बरीचशी चूक आपसांत वजा होते.

चिंता वाटते ती नव्या, आपोआप चालणाऱ्या मापनाची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना सांडपाण्यावर सतत लक्ष ठेवणारे संवेदक बसवण्याचे निर्देश दिले. सामू थेट मोजला जातो, पण तीन दिवसांचा बीओडी काही क्षणांत मोजता येत नाही, म्हणून तो बहुधा प्रकाशशोषणावरून अनुमानाने काढतात. या यंत्रांतले तापमान-दुरुस्तीचे गुणक सॉफ्टवेअरच्या आत असतात आणि पडद्यावर फक्त दुरुस्त झालेला आकडा उमटतो. अशा आकड्यांवर उद्या कारखाना बंद करण्याची नोटीस निघेल, किंवा निघायला हवी असताना निघणार नाही. त्यामुळे प्रत्येक संवेदकाने कच्चा आकडा, त्या क्षणीचं पाण्याचं तापमान आणि वापरलेला गुणक या तिन्ही गोष्टी साठवाव्यात आणि त्या मागेल त्याला मिळाव्यात, अशी अट खरेदीच्या निविदेतच घालायला हवी.